पेजेबरोबर खारा बांगडा

परवा पलीकडच्या चाळीतली एक बाई मला भेटायला आली होती. तिच्या नवऱ्याला माझाच आजार निघाला आहे. चहा घेता घेता तिने विचारलं, "काकी, ह्यांना मासे देऊ की नको? कोण म्हणतं द्या, कोण म्हणतं बंद करा."

मी म्हटलं, "ताजे द्या." पुढे बोलताच आलं नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि गेली.

मला समोरासमोर बोलायला जमत नाही, पहिल्यापासूनच. लिहायला बसलं की थोडं सुचतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा कुठे चुकलं असेल तर समजून घ्यावं. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा थोडं थोडं लिहिते. लिहून झालं की तिला वाचायला देईन. एका बैठकीत होत नाही. हात भरून येतो, मग आडवी होते.

*बसून काढलेल्या रात्री*

आधी नुसता थकवा होता. आमची चाळ घोडपदेवला, खोली तिसऱ्या मजल्यावर. भाजी घेऊन वर येताना मधल्या जिन्यात थांबावं लागायचं. वाटायचं, वय झालं. मग पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा पायात रुतायचा. तेही वयावरच घातलं.

पण झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायला लागलं, ते वयावर घालता येईना. मी उठून भिंतीला टेकून बसायची, पाठीशी उशी घेऊन. आमचे हे जागे झाले तर विचारायचे, "काय गो, झोपत नाय?" मी सांगायची, "उकडता." पंखा डोक्यावर गरगरत असायचा. तरी ते बिचारे उठून खिडकी उघडायचे.

एक दिवस नळावर पाणी भरताना मला श्वासच मिळेना. सुनेने, प्राचीने, हातातली कळशी काढून घेतली आणि टॅक्सीत घातलं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे छातीची सोनोग्राफी केली. छातीवर थंडगार चिकट काहीतरी लावतात आणि यंत्र फिरवतात. मी ब्लाउज काढायला तयारच होईना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिथल्या मुलीने काही न विचारता दरवाज्याला कडी लावली, माझ्या अंगावर चादर घातली आणि चादरीखालूनच हात घालून तपासलं. आजारपणात मोठमोठे उपचार झाले, पण मला ती चादर जास्त आठवते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं, हृदय कमजोर झालं आहे, पंपिंग कमी आहे, म्हणून पाणी अंगात साठतं, पायात आणि फुप्फुसात. माझा मुलगा संदेश विचारत होता, "ऑपरेशन? बरी कधी होईल?" त्या म्हणाल्या, "हे सांभाळून राहण्याचं दुखणं आहे. गोळ्या, मीठ बंद, वजनावर लक्ष." ह्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिची घडी घालत बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग मीही घाबरले.

*वॉर्ड*

वॉर्डातला दिवस फार लवकर सुरू होतो. कोणी रक्त काढायला येतं, कोणी प्रेशर बघायला. मग झाडूवाली, मग चहा, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे मुलामुलींचा घोळका. सगळे खाटेभोवती उभे राहतात आणि इंग्रजीत आपल्याबद्दल बोलतात. मी छताकडे बघत राहायची.

पाण्याची गोळी देतात, तिने लघवीला सारखं जावं लागतं. घरी आल्यावर तर तेच मोठं संकट. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून एक. दर थोड्या वेळाने सगळ्यांच्या दारांवरून जायचं. माणसं चांगली आहेत, मला पुढे सोडतात, पण तेच नको वाटतं. काही दिवस मी गोळी लपवून उशिरा घ्यायची. असं कुणी करू नये. लाज वाटली तरी गोळी वेळेवर घ्यावी.

माझ्या शेजारच्या खाटेवर माझगावच्या फिलोमिनाबाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. हॉस्पिटलचं बिनमिठाचं जेवण आलं की त्या डाळ चमच्याने वर उचलून बघायच्या आणि वॉर्डबॉयला विचारायच्या, "बाबा, ही डाळ मला खायला दिली, का भांडी धुवायला?" वॉर्डबॉय हसायचा. मीही हसायची, तोंडावर पदर धरून. मग खोकला यायचा.

सुट्टी मिळाली त्या दिवशी आहाराच्या बाई आल्या. त्यांनी समजावून सांगितलं: मटण नको, तळलेलं नको, लोणचं-पापड नको, वरून मीठ नको. हे मधेच म्हणाले, "आणि मासे?" त्या म्हणाल्या, "मासे चांगले. हृदयाला चांगले असतात. खाऊ दे त्यांना."

ह्यांचा चेहरा उजळला. इतकं नको-नको ऐकल्यावर एक गोष्ट तरी देता येण्यासारखी निघाली.

*घरी*

मी घरी आले तेव्हा समुद्रातल्या बोटी बंद झाल्या होत्या. पावसाळ्यात बाजारात येते ती बर्फातली मासळी, तीही डोळे आत गेलेली. पण आमच्या घरात त्याचं काही अडत नाही. मे महिन्यात गावाहून येताना सुक्या मासळीची बेगमी करून आणतो. सुके बोंबील, सोडे, सुकट आणि खारे बांगडे. बरण्या भरून माळ्यावर ठेवलेल्या असतात.

आमच्याकडे गावाला रीत आहे. माणूस दुखण्यातून उठला की त्याला पेज द्यायची आणि पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा. तोंडाला चव येते, पेज उतरते. माझ्या सासूबाई बाळंतिणीलासुद्धा द्यायच्या.

मला जेवण जात नव्हतं. प्राची ऑफिसला जाण्याआधी माझी डाळ वेगळी काढून ठेवायची, मीठ न घालता. दोन घास खाल्ले की मला ओकारी यायची. वजन उतरत होतं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. एक दिवस दुपारी हे उठले, माळ्यावरून बरणी काढली आणि गॅससमोर जाऊन उभे राहिले.

ह्यांनी जन्मात कधी गॅस पेटवला नव्हता. छापखान्यात नोकरी केली, घरी आले की चहा समोर लागायचा. आता चिमट्यात बांगडा धरून जाळावर फिरवत होते. बोट भाजून घेतलं. घरभर धूर झाला. बाजूच्या खोलीतल्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "काय हो, चाळ पेटवताय की काय?"

"बायकोक जेवूक घालतंय!" हे आतून ओरडले. "तुमका होया?"

मी त्या दिवशी वाडगाभर पेज प्यायले.

मग ते रोजचंच झालं. पेजेत मिठाचा कण नसायचा, ते स्वतः बघायचे. बांगडा भाजायच्या आधी नळाखाली चोळून धुवायचे. वरचं पांढरं निघून गेलं की आम्हा दोघांना वाटायचं, मीठ गेलं. आज लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. नावातच खारा आहे. पण मीठ म्हणजे आम्हाला बरणीतलं, चिमटीने घालायचं तेवढंच मीठ ठाऊक. ओला बांगडा जशी एक जात, तशी खारा बांगडा दुसरी. आणि आहाराच्या बाईंनी सांगितलेलंच होतं, मासे चांगले. मी मनाला बजावून शेपटीपर्यंत खायची, औषध म्हणून.

पाय परत सुजले. आधी घोटे, मग पोटऱ्या. मी साडी खाली ओढून बसायची. ह्यांना वाटायचं, अशक्तपणा आहे, म्हणून ते दोन बांगडे भाजायचे.

*कुठला मासा*

परत तोच वॉर्ड. या वेळी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या होत्या. गोळ्या बदलून झाल्या, वाढवून झाल्या, तरी पाणी उतरत नव्हतं. असंच चाललं तर पुढे काय, ते त्या संदेशला बाजूला घेऊन सांगत होत्या. मला ऐकू येत होतं. पुढच्या वेळी कदाचित आणायला वेळ मिळणार नाही, असं त्या म्हणाल्या.

संदेश परत आला तो प्राचीवर घसरला. "मीठ घालतेस ना तू? सकाळी घाईघाईत एकाच पातेल्यात करतेस ना सगळं?"

"मी आईंचं वेगळं काढते."

"मग अंगात एवढं पाणी कुठून आलं?"

"तू कधी बघायला आलायस किचनमध्ये? एकदा तरी?" प्राचीचा आवाज चढला आणि फुटला. ती पर्स उचलून बाहेर गेली. मला मास्क काढून सांगायचं होतं की तिची काही चूक नाही. हात उचलेना. उचलला असता तरी सगळ्यांदेखत बोलले असते की नाही, देव जाणे.

डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर टेकल्या. म्हणाल्या, "मावशी, भांडायचं नाही आपल्याला. सकाळपासून झोपेपर्यंत काय काय तोंडात जातं ते सांगा. पाण्यापासून."

मी मास्कमधून पुटपुटले, चहा, पेज, डाळ, मासे.

"कुठला मासा?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. आम्हीही विचारला नव्हता.

मी सांगायच्या आधी पायथ्याशी उभे असलेले हे पुढे झाले. त्यांना वाटलं, आता आपण सांगायची पाळी आली. ताठ उभं राहून म्हणाले, "खारा बांगडा, डॉक्टर. रोज. मी स्वतः भाजतो. एक दिवस चुकलो नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, तो मिठातच मुरवलेला असतो. धुऊन जात नाही. तुम्ही त्यांना रोज मीठच खाऊ घालत होता." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आम्हीही नीट विचारायला हवं होतं."

पायथ्याच्या लोखंडी दांड्यावर ह्यांचा हात होता, तो काढून त्यांनी मागे घेतला.

संध्याकाळी प्राची सूप घेऊन आली. संदेश तिला सॉरी म्हणाला नाही, ते त्याला येत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिचा ऑफिसचा डबा तो भरायला लागला. तिने मला येऊन सांगितलं, "आई, चपातीत भाजी अशी गुंडाळतो की डबा उघडल्यावर सगळे विचारतात, हे काय आहे."

*गप्प घर*

खारं बंद झालं आणि पाणी उतरायला लागलं. गोळ्या त्याच होत्या. थोड्या दिवसांनी मी सपाट झोपू शकले. घरी आले तर माळा मोकळा होता. ह्यांनी सगळ्या बरण्या खाली नेऊन दिल्या होत्या. कुणाला दिल्या ते सांगितलं नाही.

त्यांनी स्वयंपाकघरात जाणं सोडलं. चहासुद्धा बाहेर खुर्चीवर मागायचे. माझ्या ताटाकडे बघायचे नाहीत. माझं जेवण झालं की नाही ते प्राचीला विचारायचे, मला नाही. पुढे श्रावण आला, गणपती आले. तेव्हा घरात मासळी नसतेच, म्हणून विषय निघाला नाही.

मी परत जेवेनाशी झाले. वरण-भात, दुधी, पडवळ, सगळं अळणी. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "सूज नाही, पण ताकद कुठून येणार? ताजे मासे खा, मावशी. ताजे." घरी कुणी मासळीचं नाव काढेना. एकीकडे खाल्लं म्हणून पडले, आता खात नाही म्हणून पडणार, असं मला वाटायला लागलं होतं. थकून गेले होते. या दुखण्यात नुसतं शरीर थकत नाही, रोज काय खायचं याचा विचार करूनही माणूस थकतो.

गणपती गेल्यावर संदेशने हौसेने पापलेट आणलं, माझ्यासाठी. प्राचीने दोन कालवणं केली, माझं बिनमिठाचं वेगळं. ह्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, "माका नको. माका डाळ वाढ." संदेश वैतागला, "बाबा, आता किती दिवस सुतक पाळणार?" हे उठून गॅलरीत गेले.

मी त्यांच्यामागे गेले. चाळीत गॅलरीत बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून मी तिथे कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"तुम्ही भाजून दिलात म्हणान मी जेवलंय. नायतर तेव्हाच गेले असतंय."

"जेवलंस म्हणानच पडलंस."

"मगे? आता माका उपाशी ठेवतलात?"

बाजूच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढत होत्या, त्यांचे हात थांबले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होता, त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कसलो मासो खातलंस?"

*काय खाते ते*

आता त्या बाईसाठी, कामाचं तेवढं लिहिते. हे माझ्यापुरतं आहे. दुसऱ्याच्या दुखण्याला दुसरं पथ्य असेल, किडनीचं काही असेल तर वेगळं सांगतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारावंच. पण विचारताना नुसतं मासे म्हणू नये, माशाचं नाव घ्यावं.

मला ताजा बांगडा चालतो, तारली, पेडवे चालतात. हे तेलाचे मासे, हृदयाला चांगले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला आधी वाटायचं, आजारी माणसाला पापलेट-सुरमईच द्यायला हवी, ते मोठ्या लोकांचं खाणं. तसं काही नाही. ओले बोंबील, मांदेली हलकी असतात. कोलंबी कधीतरी. सुकं कुठलंच नाही, धुतलेलं नाही, भिजत घातलेलंही नाही. तळून नाही. आणि एक गोष्ट मलाही उशिरा कळली. कोकमाचं आगळ आपण कालवणात घालतो, त्यातही मीठ असतं. बाजारच्या मसाल्याच्या पाकिटातही असतं. मी आता चिंच घालते. बांगड्याला तिरफळं, लसूण, ओली मिरची घातली की मिठाची आठवण थोडी कमी होते. थोडीच.

दुसरं म्हणजे, आमच्याकडे बाई शेवटी जेवते, मग तिच्या वाट्याला डोकं आणि रस्सा येतो. मीठ सगळं रश्शात उतरलेलं असतं. पथ्यावरच्या बाईने आधी जेवावं आणि मधली तुकडी घ्यावी. लिहायला सोपं आहे, मला अजून अवघड जातं.

*रविवार*

गॅलरीतल्या बोलण्यानंतरच्या रविवारी हे मला बाजारात घेऊन गेले. जिना उतरायला मला वेळ लागला. ते खालच्या पायरीवर उभे राहून वाट बघत होते, घाई न करता.

कोळणीच्या पाटीपुढे ते वाकले. बांगड्याचा कल्ला उघडून बघितला, बोटाने दाबलं. मग विचारलं, "याला मीठ लावलंय?"

"मीठ?" ती म्हणाली. "अरं दादा, सकाळचं मावरं हाय, बघ कसं चकाकतंय!"

"बर्फात मीठ टाकता काय?"

"मीठ नको, बर्फ नको, मग देवाला सांग, समुद्रच गोड कर!" तिने कोयता पाटीवर आपटला. मग माझ्याकडे वळली. "वैनी, कुठून आणलास यांना? बाजार कधी केला नाय वाटतं?"

मी म्हटलं, "आता करायला लागलेत."

ती हसली आणि बांगडे साफ करून दिले. परतताना मी दोनदा थांबले, पिशवी त्यांच्याकडे होती.

घरी आल्यावर ते गॅसपुढे उभे राहिले. प्राचीने बाजूला होऊन जागा दिली. ते तिला विचारत होते, चिंच किती, तिरफळं किती, पाणी किती. मिठाची बरणी त्यांनी उचलून बाहेर टीव्हीजवळ नेऊन ठेवली. संदेश म्हणाला, "बाबा, आम्हालापण शिक्षा?" हे म्हणाले, "तुका होया तर थंय जाऊन घे."

मला पहिल्यांदा बसवलं. ताटात भात आणि बांगड्याची मधली तुकडी. हे समोर बसले. त्यांच्याही ताटात तेच कालवण. मिठासाठी टीव्हीकडे गेले नाहीत. माझा पहिला घास होईपर्यंत त्यांनी हात लावला नाही.

"कसो झालो?"

कुणीही काहीही रांधलं तरी मी छान झालंय असंच म्हणते. दुसरं काही म्हणायची सवय नाही. पण त्यांना आता खोटं सांगून भागण्यासारखं नव्हतं. मी काय खाते, किती खाते, हे त्यांना खरं कळायला हवं होतं.

"अळणी," मी म्हटलं, आणि अजून एका तुकडीसाठी ताट पुढे केलं.